ड्रोनचा बोर्ड हातात आला, आता आधी काय बघायचं?

भाचा कुपवाडहून गाडीवरून आला तेव्हा फ्लाइट कंट्रोलर त्याच्या शर्टाच्या खिशात होता. डबी नाही, अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी नाही. गाडीची किल्ली, सुट्टे पैसे आणि बोर्ड एकाच खिशात. हॉस्टेलवरच्या कुणाकडून तरी जुना घेतलेला.

"मामा, एफ-सेव्हन प्रोसेसर आहे. एकदम स्वस्तात मिळाला. लावू का यूएसबी?"

"थांब की जरा. आधी चहा घे, मग कपाटातलं मीटर काढ."

त्या दुपारी आम्ही जे काही केलं ते क्रमानं लिहितोय, कारण अशी पोरं माझ्याकडे अधूनमधून येतात आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगत बसतो. मी मूळचा टीव्ही-मोबाईल दुरुस्तीवाला, सांगलीत विश्रामबागेत बसणारा. ड्रोनचा नाद नंतर लागला. त्यामुळे बोर्डाकडे मी आधी वीजवाल्याच्या नजरेनं बघतो. नवखा माणूस पहिल्यांदा प्रोसेसर कुठला ते विचारतो. माझ्या यादीत तो प्रश्न तिसरा येतो. पहिला प्रश्न बोर्डावरच्या पॉवरचा, दुसरा जायरोचा. उडताना पाच व्होल्टची लाइन क्षणभर बसली तर प्रोसेसर रीस्टार्ट होतो, आणि तो परत उठेपर्यंत ड्रोन कुणाच्या तरी उसात पडलेला असतो. जायरो खराब असला तर वेगवान प्रोसेसर गोंगाटाचाच हिशोब जास्त वेगानं करतो.

अगदीच नव्या वाचकांसाठी: फ्लाइट कंट्रोलर म्हणजे ड्रोनचा मेंदू असलेली छोटी पट्टी. तिच्यावर एक प्रोसेसर, वळणं मोजणारा जायरो (त्याच आयसीत ॲक्सेलरोमीटरही असतो), बहुतेक वेळा हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, बॅटरीचा व्होल्टेज उतरवणारे रेग्युलेटर आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), जीपीएस, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी पट्टी) जोडायचे पॅड असतात. २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी तयार ड्रोन आणायला आपल्याकडे बंदी आहे, सुटे भाग आणायला नाही. म्हणून हौशी माणूस बोर्ड घेऊन स्वतः जुळवतो, आणि बोर्ड पारखायची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते.

घ्यायच्या आधी कागद-पेन्सिल

विकत घेण्याआधी दहा मिनिटं बसून दोन गोष्टी लिहा: ड्रोननं काय करायचंय, आणि त्याला काय काय जोडायचंय.

नुसतं हातानं उडवायचं, कोलांट्या मारायच्या, तर बीटाफ्लाइट हे फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर. विमान किंवा जीपीएसवर घरी परतणारं काही करायचं तर आयनॅव चालेल. ठरलेल्या मार्गानं स्वतः जाणारा, खरा ऑटोपायलट हवा असेल, म्हणजे द्राक्षबागेवरून रांगेनं फिरून फोटो काढणारा वगैरे, तर आर्डूपायलट किंवा पीएक्स४. आता प्रोसेसरचा आकडा कामाला येतो. एसटीएम३२ घराण्यातला एफ४११ हा १०० मेगाहर्ट्झचा, ५१२ केबी फ्लॅशचा (फ्लॅश म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा). छोट्या ड्रोनला पुरतो. एफ४०५ हा १६८ मेगाहर्ट्झ आणि १ एमबी. एफ७२२ वेगानं २१६ मेगाहर्ट्झ, पण फ्लॅश पुन्हा ५१२ केबीच. एच७४३ ला २ एमबी फ्लॅश. आर्डूपायलट सगळ्या सोयींसह हवा असेल तर २ एमबी लागते. १ एमबीच्या बोर्डावर काही सोयी कापलेल्या असतात, आणि ५१२ केबीवर तो बसवायच्या फंदात पडू नका. म्हणजे 'एफ-सेव्हन' ऐकून भाच्याला आनंद झाला खरा, पण ऑटोपायलटच्या कामाला साधा एफ४०५ त्याच्या एफ७२२ बोर्डापेक्षा जास्त उपयोगी पडला असता.

जुन्या बाजारात एपीएम २.८ नावाचे बोर्ड अजून फिरतात, फार स्वस्त. त्यांवर १६ मेगाहर्ट्झचा आठ-बिटी एटीमेगा२५६० आहे. मल्टिरोटरसाठी आर्डूपायलटनं त्याला शेवटचं स्थान दिलं ते ३.२.१ या आवृत्तीत, पुढचं काहीच त्यावर चढत नाही. शिकायला म्हणूनही घेऊ नका. शिकाल ते जुनं शिकाल.

मग यूएआरटी मोजा. हे म्हणजे बाहेरच्या वस्तूंशी बोलायचे दरवाजे. रिसीव्हरला एक, जीपीएसला एक, डिजिटल व्हिडिओला एक, ईएससीच्या टेलिमेट्रीला एक, जमिनीवरच्या लॅपटॉपशी बोलणाऱ्या रेडिओला एक. झाले पाच. जाहिरातीत 'सहा यूएआरटी' असं लिहिलेलं असलं तरी त्यातला एखादा आतल्या आत ब्लूटूथला दिलेला असतो, एखाद्याचा फक्त आरएक्स (ऐकायचा) पॅड बाहेर काढलेला असतो. बोर्डाचा नकाशा उघडून प्रत्येक यूएआरटीचे आरएक्स आणि टीएक्स (बोलायचा) दोन्ही पॅड बोटानं दाखवता आले तरच तो मोजायचा. एसबस या पद्धतीनं बोलणारा रिसीव्हर असेल तर आणखी एक खोच आहे. त्याचा सिग्नल उलटा असतो. एफ७ आणि एच७ तो आतच सुलटा करतात, एफ४ ला जमत नाही, म्हणून एफ४ च्या बोर्डावर त्यासाठी वेगळा पॅड असतो. तो नसेल तर रिसीव्हर जोडूनही स्टिक हलणार नाहीत.

भोकांचं अंतरही तेव्हाच बघा: ३०.५, २५.५ किंवा २० मिलिमीटर. फ्रेम एक आणि बोर्ड दुसराच, असं घेऊन आलेले लोक मी बघितलेत आणि ते झिप-टायनं बांधतात.

आता भिंग

बोर्ड हातात आल्यावर पहिली अर्धी तपासणी डोळ्यांची आणि नाकाची. नाकाची म्हणजे खरंच नाकाची. जळक्या आयसीचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

खिडकीशी उजेडात बसा, घड्याळवाल्याचं भिंग घ्या, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतो. बोर्ड तिरपा धरायचा, म्हणजे सोल्डरचे डाग चमकतात. चांगला डाग गुळगुळीत असतो आणि पायाला चिकटून वर चढलेला दिसतो. ड्राय सोल्डर (पायाला नीट न धरलेला डाग) असला तर भोवती बारीक गोल चीर दिसते. यूएसबीच्या सॉकेटला बाजूचे चार पाय असतात, ते पक्के आहेत का बघा. जुन्या बोर्डात पहिल्यांदा हेच हलतं. बॅटरीच्या पॅडजवळचे तपकिरी सिरॅमिक कॅपॅसिटर नीट बघा. बोर्ड पिरगळला गेला की त्यांना केसाएवढी तिरकी चीर जाते, आणि तसा चिरलेला कॅपॅसिटर कधीही शॉर्ट होऊ शकतो. कोपऱ्यातल्या भोकांभोवती हिरवा रंग खरवडला गेला असेल तर खालची तांब्याची पट्टी उघडी पडून स्क्रूला लागते.

जायरो शोधा. तीन मिलिमीटरच्या आसपासची चौकोनी काळी आयसी असते, बहुधा बोर्डाच्या मधोमध. तिच्या शेजारीच रेग्युलेटरची जाडजूड कॉइल बसवली असेल तर मला तो आराखडा आवडत नाही. उष्णता आणि विजेचा खडखडाट दोन्ही जायरोपर्यंत पोचतात. काही बोर्डांवर जायरोभोवती खाच कापलेली असते किंवा त्याला वेगळा छोटा रेग्युलेटर दिलेला असतो. तसं दिसलं तर समजावं की आराखडा काढणाऱ्यानं विचार केलाय. आयसीवरचा मजकूर वाचायचा प्रयत्न करा. एमपीयू-६०००, आयसीएम-४२६८८-पी, बीएमआय-२७० ही नेहमी भेटणारी नावं, पण सगळ्यांवर पूर्ण नाव छापलेलं नसतं. नंतर सॉफ्टवेअरला विचारता येईल, नाही वाचलं तर अडत नाही.

भाच्याच्या बोर्डावर कॉइलच्या पायाशी पांढुरकी-हिरवट बुरशीसारखी पूड होती.

"हे काय रे?"

"तो म्हणत होता, एकदा भिजला होता थोडा."

थोडा. आपल्याकडे पावसाळ्यात पिकात पडलेला ड्रोन सापडायला संध्याकाळ होते, आणि तोपर्यंत बॅटरी जोडलेलीच असते. पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं खायला सुरुवात होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन आम्ही तो भाग घासला, पंख्याखाली अर्धा तास ठेवला. खालचा ट्रॅक शाबूत दिसत होता. निदान वरून तरी.

मीटर, वीज न देता

मल्टिमीटर बीपवर ठेवा. बॅटरीच्या प्लस आणि मायनस पॅडवर टोकं टेकवा. क्षणभर बीप वाजून थांबला तर हरकत नाही, कॅपॅसिटर भरतोय. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे, इथेच थांबा.

मग ओहमवर घेऊन पाच व्होल्ट ते ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट ते ग्राउंड मोजा. आकडा बोर्डाप्रमाणे बदलतो. शेकड्यांत किंवा हजारांत आला तर पुढे जायचं. पाच-दहा ओहम दाखवत असेल तर आत काहीतरी गेलेलं आहे, आणि ३.३ च्या लाइनवर तसं असेल तर बहुधा प्रोसेसरच.

ऑल-इन-वन प्रकारचा, म्हणजे ईएससी त्याच पट्टीवर असलेला बोर्ड असेल, तर आणखी एक सोपी युक्ती आहे. मोटरचे बारा पॅड असतात, चार मोटरला तीन-तीन. प्रत्येक पॅड ते बॅटरी प्लस, प्रत्येक पॅड ते बॅटरी मायनस मोजून कागदावर लिहा. बरोबर आकडा किती असावा हे माहीत असायची गरज नाही. बाराही जवळपास सारखे यायला हवेत. अकरा सारखे आणि एक वेगळा आला की त्या पॅडचा मॉस्फेट (मोटरला वीज सोडणारा स्विच) गेला. टीव्हीच्या बोर्डात जोडीची चांगली बाजू बघून वाईट बाजू शोधायचो, तेच हे.

केबलही मोजा, आणि इथे मी माझी स्वतःची फजिती सांगतो. माझा पहिला चांगला बोर्ड मी केबलमुळे घालवला. बोर्ड एका कंपनीचा, ईएससी दुसऱ्या कंपनीची. दोन्हीकडे आठ पिनांचं तेच ते बारीक सॉकेट, सोबत आलेली केबल दोन्हीकडे टकाकन बसली. बसली म्हणजे बरोबर असणार, असं मी धरून चाललो. एका बाजूला पहिली पिन बॅटरीची होती, दुसऱ्या बाजूला शेवटची. सोळा व्होल्ट थेट सिग्नलच्या पिनेवर गेले. आवाज नाही, धूर नाही, फक्त प्रोसेसर इतका गरम झाला की बोट ठेववेना, आणि मग कधीच दिसला नाही. सॉकेटचा आकार सगळे सारखाच ठेवतात, पिनांचा क्रम ज्याचा त्याचा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून एकेक तार बीपनं तपासा. क्रम उलटा निघाला तर सुईनं सॉकेटची जिभली उचलून तारा बाहेर काढता येतात आणि हव्या त्या जागी परत सरकवता येतात.

पहिला करंट

आता यूएसबी. बॅटरी नको, रिसीव्हर नको, काही नको. केबल डेटाची असू दे. चार्जिंगपुरत्या केबलनं बोर्डाचा दिवा लागतो पण लॅपटॉपला काही दिसत नाही, आणि माणूस बोर्डाला दोष देत बसतो. दिवा लागला की बोट फिरवा. प्रोसेसर कोमट लागणं साहजिक आहे, एच७ जरा जास्तच गरम लागतो. चटका बसला तर लगेच काढा. ३.३ च्या पॅडवर मीटरनं ३.२५ ते ३.३५ च्या दरम्यान यायला हवं. पाचच्या पॅडवर यूएसबीवर असताना साडेचारच्या थोडं वर येतं किंवा काही बोर्डांत शून्यच येतं, कारण मध्ये डायोड असतो. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

बॅटरी लावायची ती सिरीजच्या बल्बमधून. जुन्या वायरमनकडे सिरीज बोर्ड असायचा, दुरुस्त केलेली मोटर किंवा इस्त्री पहिल्यांदा त्यातूनच लावायची. बल्ब भकाभक पेटला की आत शॉर्ट. तेच इथे करायचं, फक्त बल्ब गाडीच्या इंडिकेटरचा. १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब गॅरेजवर कुठेही मिळतो. बॅटरीच्या प्लसच्या तारेत तो मध्ये जोडा. बल्ब पुरा पेटला तरी त्यातून पावणेदोन अँपियरच्या आसपासच करंट जातो, म्हणजे शॉर्ट असला तरी बोर्ड जळायच्या आत तुम्हाला कळतं. ही सोय तीन सेलच्या बॅटरीपुरती. चार ते सहा सेलला ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब आणा. चांगल्या बोर्डावर बल्ब एकदा लुकलुकून विझतो. व्हिडिओ ट्रान्समीटर मात्र या वेळी जोडू नका, तो स्वतःच एवढा करंट ओढतो की बल्ब उजळतो आणि तुम्ही उगीच घाबरता. ड्रोनचे पंखे तर बोर्ड फ्रेमवर चढेपर्यंत पेटीतच राहू देत.

बल्ब विझला, बोर्ड चालू झाला. बहुतेक लोक इथे थांबतात. माझ्या मते खरी परीक्षा इथून पुढे आहे.

बोर्डावर '५ व्होल्ट, २ अँपियर' असं छापलेलं असतं. ते खरं का, हे बघायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४.७ ओहम, १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर आणा, पांढऱ्या ठोकळ्यासारखे दिसतात. पाचच्या पॅडला आणि ग्राउंडला तारा लावून एक रेझिस्टर जोडला की साधारण एक अँपियर, दोन्ही समांतर जोडले की दोनच्या थोडं वर. रेझिस्टर फरशीच्या तुकड्यावर ठेवा, हात लावू नका, कडक तापतात. आता बल्ब काढून बॅटरी सरळ लावा आणि पाचच्या पॅडवर मीटर धरून पाच-दहा मिनिटं बसा. सुरुवातीला ५.०२ असेल आणि दहा मिनिटांनी ४.९५, तर उत्तम. आर्डूपायलट ४.३ व्होल्टच्या खाली बोर्डाला उडूच देत नाही, पण तिथवर वाट बघायची नसते. पाव व्होल्ट पडला की मी त्या बोर्डाकडे संशयानं बघतो.

हे शक्यतो दुपारी करा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. थंड खोलीत टेबलावर पास झालेला रेग्युलेटर गच्चीवर, बंद फ्रेममध्ये, तापून स्वतःला बंद करून घेऊ शकतो, कारण त्याच्या आत तापमानाचा कटऑफ असतो.

भाच्याचा बोर्ड इथे उघडा पडला. एका रेझिस्टरवर सुरुवात ४.९८. तीन मिनिटांनी ४.८. सहाव्या मिनिटाला ४.४ आणि कॉइलशेजारची आयसी चटका देणारी. छापलेल्या करंटच्या निम्म्यातच ही अवस्था. यूएसबीवर मात्र हाच बोर्ड अगदी शहाण्यासारखा वागत होता. त्यानं यूएसबी लावून, दिवा बघून, 'चालतंय की' म्हणून फ्रेमवर चढवला असता, तर पहिल्या उड्डाणाच्या सहाव्या मिनिटाला काय झालं असतं ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

रेग्युलेटरच्या बाहेरची एक गोष्ट राहिली. मोटर जोरात फिरल्या-थांबल्या की बॅटरीच्या लाइनवर व्होल्टेजच्या उसळ्या येतात, मीटरला त्या दिसतही नाहीत. त्यासाठी बॅटरीच्या पॅडवर मोठा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कॅपॅसिटर लावतात, चार सेलला १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट हा नेहमीचा. सहा सेलची बॅटरी भरलेली असताना २५.२ व्होल्ट असते, तिथे मी ५० व्होल्टचाच लावतो. पाय आखूड ठेवा.

बोर्डालाच विचारा

कॉन्फिगरेटरला (बोर्डाशी बोलणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) जोडल्यावर कुठलंही फर्मवेअर चढवायच्या आधी जुनं काय आहे ते उतरवून घ्या. बीटाफ्लाइटमध्ये कमांडच्या पानावर 'डिफ ऑल' आणि 'स्टेटस' या दोन आज्ञा देऊन आलेला मजकूर फाइलमध्ये ठेवा. त्यात बोर्डाचं नेमकं टार्गेट नाव (कुठल्या बोर्डाचं फर्मवेअर ते) असतं, आणि तेच चुकलं तर फर्मवेअर चढतं पण जायरो गायब, असला प्रकार होतो.

'स्टेटस' मध्ये प्रोसेसरचं नाव, जायरोचं नाव, बॅरोमीटरचं नाव येतं. जाहिरातीत एक जायरो आणि इथे दुसराच, असं झालं तर विकणाऱ्याला हाच मजकूर दाखवा. आयटूसी (सेन्सरशी बोलायची लाइन) एरर किती ते बघा. शून्यावर थांबलेला असेल तर बरं. दर वेळी विचारल्यावर वाढत असेल तर बॅरोमीटर किंवा होकायंत्राच्या तारेत गडबड आहे.

बूटचं बटण दाबून यूएसबी लावल्यावर बोर्ड डीएफयू मोडमध्ये, म्हणजे थेट फर्मवेअर चढवायच्या स्थितीत, जातो का, हेही एकदा करून बघा. फर्मवेअर चढवताना लाइट गेली तर परत यायची तीच वाट, आणि लाइट कधी जाते ते तुम्हाला माहीत आहे.

सेन्सर: सांगलीचे आकडे

जायरो: बोर्ड टेबलावर ठेवा, हात काढा. तिन्ही रेषा शून्याला चिकटून हव्यात. टेबलावर नखानं टकटक करा; रेषा उसळून लगेच परत बसायला हवी. एखादी रेषा आपोआप दात काढत असेल तर तो जायरो माझ्या लेखी बाद. मग हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. थोडी रेष सरकेल, ते चालतं. उड्या मारायला लागली तर डाग सुटलेला आहे. बोर्ड उजवीकडे कलला की पडद्यावरचं चित्रही उजवीकडे कलतंय हे बघून घ्या.

ॲक्सेलरोमीटर: सहाही बाजूंवर आळीपाळीनं उभा करा. जी बाजू वर असेल त्या अक्षावर एक जी, म्हणजे ९.८ च्या आसपास, बाकी दोन शून्याच्या आसपास. जास्त काही बघायचं नसतं.

बॅरोमीटरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिचं उत्तर गावावर अवलंबून आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे इथे दाब ९५० हेक्टोपास्कलच्या जवळ यायला हवा. ऋतूप्रमाणे पाच-सात इकडेतिकडे. साताऱ्यात ९२७ च्या आसपास, कासला नेलात तर ८८० च्या घरात. मिशन प्लॅनरमध्ये (आर्डूपायलटचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) स्टेटसच्या यादीत हा आकडा दिसतो. सांगलीत बसून १०१३ दिसला तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा सॉफ्टवेअर त्याच्या जागी मनानं आकडा टाकतंय. नंतर लॅपटॉपसकट जिना चढा. एक मजला, तीन मीटर, दाब सुमारे ०.३३ नं उतरायला हवा. गच्चीवर पोचून परत खाली आल्यावर मूळ आकड्याच्या जवळ आला की झालं. काही बॅरोमीटर उजेडालाही बिचकतात, एमएस-५६११ त्यातलाच. त्यावर मोबाईलचा टॉर्च मारून बघा. आकडा हलला तर त्या भोकावर काळ्या स्पंजचा तुकडा चिकटवा, हवा जाईल असा. तो स्पंज पंख्याच्या वाऱ्यापासूनही वाचवतो.

होकायंत्र बोर्डावर असलं तरी वापरू नका. बॅटरीच्या तारांशेजारी बसून ते काय दिशा सांगणार! जीपीएसच्या डबीत असतं तेच वापरा. लोखंडी कपाट, गाडी, गच्चीच्या स्लॅबमधली सळई, सगळ्यांपासून लांब, मोकळ्या जागेत बघा. आपल्या भागात एकूण चुंबकीय क्षेत्र ४०० ते ४५० मिलिगॉसच्या दरम्यान भरतं. डबी गोल फिरवताना हा एकूण आकडा फारसा बदलता कामा नये. एचएमसी-५८८३एल म्हणून विकलेल्या डबीत क्यूएमसी-५८८३एल निघणं नेहमीचं आहे. दोघांचे पत्ते वेगळे असतात, म्हणून फर्मवेअरला 'होकायंत्र सापडत नाही' असं वाटतं. नवीन फर्मवेअर दोन्ही ओळखतं.

फ्रेमवर चढवल्यावर

मिरजेत सतार करणारे कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात, तार किती झणझणावी ते ठरवतात. आपलं काम नेमकं उलटं: बोर्डापर्यंत झणझण पोचूच द्यायची नाही. भोकांत रबरी गोट्या बसवा, स्क्रू रबर चेपेपर्यंत आवळू नका, आणि तारा ताणलेल्या ठेवू नका, नाहीतर रबराला वळसा घालून कंप तारेतूनच येतो. पहिल्या सौम्य उड्डाणानंतर आर्डूपायलटच्या लॉगमध्ये कंपाचे आकडे बघा. तिन्ही अक्षांवर ३० च्या आत असतील तर ठीक, ६० च्या वर गेले तर उडवणं थांबवून आधी पंखे आणि मोटरचे शाफ्ट बघा. बोर्ड तोवर निर्दोष धरा.

उड्डाणाआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघायला विसरू नका, आणि नोंदणीचंही बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, आणि धंद्यासाठी नसलेल्या दोन किलोपर्यंतच्याही ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात उंची १२० मीटरपर्यंत.

भाच्याच्या बोर्डाचं काय झालं ते राहिलं. परत करायला जागा नव्हती, देणारा हॉस्टेल सोडून गेलेला. जायरो, बॅरोमीटर, प्रोसेसर सगळं ठणठणीत, फक्त पाचचा रेग्युलेटर दमलेला. मी हॉट एअर गननं कॉइल उचलली, म्हणजे तो रेग्युलेटर पाचच्या लाइनपासून तुटला, आणि बाहेरून तीन अँपियरची वेगळी बीईसी (सुटा पाच व्होल्टचा रेग्युलेटर) पाचच्या पॅडला जोडली. बॅटरीचा व्होल्टेज मोजणारी वाट वेगळी असते, त्यामुळे तो आकडा पडद्यावर पूर्वीसारखाच दिसत राहिला. पुन्हा रेझिस्टर लावले, गच्चीवर उन्हात दहा मिनिटं बसलो. ५.०४ वरून ५.०१.

जाताना त्यानं बोर्ड पुन्हा शर्टाच्या खिशात टाकला. मी काही न बोलता टेबलावरची अँटिस्टॅटिक पिशवी पुढे केली.